शून्य चव्वेचाळीसचे छत्तीस

चेन्नईचा एसटीडी कोड ०४४. संगणकावर ब्राउझर सुरू करा, त्यातलं प्रोग्रामर लोकांचं कन्सोल उघडा, इंग्रजी अंकांत हे तीन आकडे टाइप करा आणि एंटर दाबा. उत्तर येतं ३६. मुंबईचा ०२२ टाकलात तर १८ मिळतात. पुण्याच्या ०२० चे १६ होतात, दिल्लीचा ०११ तर थेट ९ वर येतो. आता बंगळुरूचा ०८० टाकून बघा. उत्तर काय? ८०! तो मात्र जसाच्या तसा.

असं का व्हावं? कन्सोलला समजणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. तिच्यात संख्येच्या आधी शून्य लिहिलं की ती अष्टमान पद्धतीतली धरली जाते. आपण दहांनी मोजतो, ही पद्धत आठांनी मोजते. ४४ म्हणजे चार वेळा आठ आणि वर चार : छत्तीस. ही रीत सी भाषेकडून आली, आणि सीच्या पूर्वजांकडे ती आली तेव्हा यंत्रातले बिट तीन-तीनांच्या गटांत वाचायची पद्धत होती. मग ०८० चं काय? अष्टमानात ८ हा अंकच नाही. तेव्हा भाषा तक्रार करत नाही, तिथल्या तिथे विचार बदलते आणि तीच संख्या दशमानात वाचते. दोन शहरांचे कोड, एकाच पद्धतीने लिहिलेले, आणि त्यांचे अर्थ दोन वेगळ्या गणितांत लागले. कुणाला काही कळलंसुद्धा नाही! २००९ साली भाषेत ‘स्ट्रिक्ट मोड’ आला. त्यात असं लिहिलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही. पण जुना ढंग आजही जिवंत आहे, कन्सोलमध्ये तुम्हाला भेटला तो तोच.

आता एक प्रश्न. ०४४ ही संख्या आहे का? त्यातलं शून्य एक्स्चेंजला एवढंच सांगतं की हा फोन गावाबाहेर जायचा आहे. परदेशातून चेन्नईला फोन लावताना ते गाळतात. दोन शहरांच्या कोडांची बेरीज करायची वेळ कोणावर येत नाही, त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. दिसायला सगळे अंक, पण वागणूक मजकुराची. तर ‘ही वस्तू कोणत्या जातीची आहे?’ हा प्रश्न (या जातीलाच प्रोग्रामर टाइप म्हणतात) वस्तूच्या दिसण्यावरून सुटत नाही. तिचं काय काय करता येतं, यावरून सुटतो. पुढचं सगळं आश्चर्य या एका गोष्टीतून उगवतं.

याच कुळातला दुसरा मासला आपल्या रोजच्या पत्त्यात आहे आणि तो एका मराठी माणसाने दिलेला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, कवी. इतक्या भाषा, इतक्या लिप्या, एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात वाचता न येणारी अक्षरं. यातून पत्र बिनचूक काढायचं तर सगळ्यांना वाचता येईल अशी एकच खूण हवी. ती सहा अंकांची झाली. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमचा पिन घ्या : ६०००३३. पहिला ६ म्हणजे दक्षिणेचा एक मोठा विभाग. ६० म्हटलं की तमिळनाडू. ६०० म्हटलं की चेन्नई. उरलेले तीन अंक एका डाकघरापाशी आणून सोडतात. मांबलम स्टेशनच्या रुळांपलीकडे पूर्वेला टी. नगर, त्याचा पिन ६०००१७. पत्ता जवळ जवळ सरकत जातो, एकेका अंकाने एकेक वर्तुळ लहान होतं. ही संख्या मुळीच नाही. ही सहा अक्षरांत बसवलेली वाट आहे! तिच्यात एक मिळवलात तर ६०००३४ येतो, तो नुंगमबाक्कमचा. पण ‘मांबलम अधिक एक’ म्हणजे नुंगमबाक्कम, या विधानाला पृथ्वीच्या पाठीवर काही अर्थ नाही.

समजा पुण्याहून याच वेस्ट मांबलममधल्या आर्य गौडा रोडवरच्या अयोध्या मंडपमला पुस्तकांचं पार्सल पाठवायचं आहे आणि त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक फंक्शन लिहायचं आहे. त्याचं नाव ‘पाठव’. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : नाव, पिन आणि वजन. फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या या गोष्टी म्हणजे त्याची आर्ग्युमेंटं. (हे नाव खरंच देवनागरीत देता येतं. जावास्क्रिप्ट ‘पाठव’ हे नाव त्यातल्या कान्यासकट आनंदाने घेते.)

आता या फंक्शनला काहीही देऊन बघा. पिनच्या जागी वजन द्या, चालतं. तीनऐवजी एकच गोष्ट द्या. उरलेल्या दोन जागांवर भाषा स्वतःहून ‘अनडिफाइन्ड’ नावाची एक पोकळी ठेवते. सात गोष्टी द्या, तर ‘पाठव’ला त्याच्या तीन मिळतात आणि बाकीच्या चार बाजूला पडून राहतात. नावाच्या जागी आख्खं दुसरं फंक्शन द्या, तरी हरकत नाही. आत गेल्यावर काय होतं ते आणखी विलक्षण. पिन मजकूर म्हणून आला असेल आणि कोणी त्यात १ मिळवला, तर तो मजकुराला चिकटतो : ६०००३३१, सात अंकी. त्याच मजकुरातून १ वजा केला, तर भाषा मनातल्या मनात त्याची संख्या करते आणि ६०००३२ देते. अधिकचं चिन्ह एका जगातलं, वजाचं दुसऱ्या!

इतकी मोकळीक कोणी आणि का ठेवली? मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला अवतार दहा दिवसांत लिहिला. वापरणारे कोण असणार होते? वेबपानं सजवणारे हौशी लोक. फॉर्ममधला एक रकाना तपासावा, माउस गेल्यावर चित्र बदलावं, एवढीच अपेक्षा. अशा ठिकाणी हातून काही इकडचं तिकडे झालं तर आख्खं पान बंद पाडण्यापेक्षा समजून घेऊन पुढे जाणं बरं. मला हा निर्णय त्या वेळेपुरता शहाणपणाचा वाटतो. मात्र पुढे याच भाषेत बँका, तिकीट खिडक्या, सरकारी अर्ज सगळं आलं, आणि तिची ती समंजस सवय तशीच राहिली.

म्हणून विचारपूस आपणच करायची. प्रोग्राम चालू असताना, फंक्शनच्या पहिल्याच ओळीत. त्यासाठी भाषेने एक शब्द दिला आहे, ‘टाइपऑफ’. कोणत्याही वस्तूच्या आधी तो लिहा, तो तिची जात सांगतो. भाषेने ठरवलेली त्याची उत्तरं फक्त आठ : स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), नंबर, बिगइंट, बूलियन, सिम्बॉल, फंक्शन, ऑब्जेक्ट आणि अनडिफाइन्ड. सोपं वाटतं ना? बघा मग.

‘नल’ म्हणजे ‘इथे काही नाही’ असं मुद्दाम सांगणारी खूण. टाइपऑफला तिची जात विचारली तर तो म्हणतो, ऑब्जेक्ट. काही नाही, आणि तरीही वस्तू? याचं मूळ १९९५ च्या त्या पहिल्या अवतारात, बिटांच्या पातळीवर आहे. तेव्हा प्रत्येक मूल्याच्या शेवटच्या एक ते तीन बिटांत त्याच्या जातीची चिठ्ठी असे. ऑब्जेक्टची चिठ्ठी होती ०००. आणि नल कसं साठवलं होतं? सगळेच्या सगळे बिट शून्य. टाइपऑफने शेवटचे तीन बिट बघितले, तिथे ००० दिसलं, त्याने ऑब्जेक्ट म्हणून सांगितलं. पुढे ही चूक दुरुस्त करायचा प्रस्तावही आला. तो मागे पडला, कारण तोवर जगभरातली असंख्य पानं त्या चुकीवर विसंबून उभी होती. तीन बिटांचा तो अपघात आज तुमच्या फोनमध्ये सुखरूप आहे.

तसंच ‘नॅन’. गणित फसलं की हे मूल्य मिळतं, उदाहरणार्थ ‘दोन किलो’ या शब्दांची संख्या करायला गेलात तर. त्याच्या नावाचाच अर्थ ‘संख्या नव्हे’. त्याची जात मात्र नंबर! हे भाषेचं वेड नाही. अपूर्णांकी गणिताचं जे मानक १९८५ पासून जगातल्या प्रोसेसरांनी स्वीकारलं, त्यातच फसलेल्या हिशोबासाठी संख्यांच्या घरात एक खोली राखून ठेवली आहे. त्याच मानकाने आणखी एक ठरवलं : नॅन कोणाच्याही बरोबरीचं नाही, स्वतःच्याही नाही. आणि कोणाहून लहान नाही, मोठंही नाही. आता आपल्या ‘पाठव’मध्ये ओळ लिहा, ‘वजन शून्य किंवा त्याहून कमी असेल तर अडव’. नॅन शून्याहून कमी नाही, शून्याइतकंही नाही. ते आरामात आत जाईल. हीच ओळ उलटी लिहा, ‘वजन शून्याहून जास्त असेल तरच जाऊ दे’. आता नॅन बाहेर राहतं. शाळेत शिकलेल्या तर्काप्रमाणे ही दोन वाक्यं एकच आहेत. इथे त्यांच्यामधून पार्सल निसटतं. म्हणून मी अटी दुसऱ्या पद्धतीनेच लिहिते : काय नको याची यादी करण्याऐवजी काय हवं ते सांगायचं.

यादीचीही जात टाइपऑफ ऑब्जेक्टच सांगतो, म्हणून २००९ साली ‘ही यादी आहे का?’ एवढंच विचारणारी वेगळी सोय भाषेत आणावी लागली. आणि ब्राउझरमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’ नावाची एक वस्तू आहे, तिची गोष्ट तर ऐकण्यासारखी. ती असते, तिच्यातून माहिती काढता येते, पण टाइपऑफ म्हणतो अनडिफाइन्ड. कारण? जुनी पानं ‘ही वस्तू दिसली म्हणजे हा इंटरनेट एक्स्प्लोरर’ असं ओळखत. नव्या ब्राउझरांना जुन्या पानांसाठी ती वस्तू ठेवायची होती, पण एक्स्प्लोरर म्हणून ओळखलं जायचं नव्हतं. मग ती ठेवली आणि लपवली. भाषेच्या अधिकृत मानकात या एका वस्तूसाठी खास कलम आहे!

पोकळीच्याही जाती असतात, हे मला नावाच्या रकान्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. मराठी माणसाने अर्ज लिहिला की त्यात तीन रकाने येतात : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. चेन्नईत पाऊल टाका आणि तिसरा रकाना डळमळतो. तिथे नावाआधी एक आद्याक्षर असतं, बहुधा वडिलांचं. एकोणिसाव्या शतकातले नामांकित दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. त्यांच्या त्या ‘टी’ मध्ये आहे तंजावर, म्हणजे गाव. त्यांचा अर्ज भरायचा झाला तर आडनावाच्या जागी काय लिहाल? विचारलंच नसेल तर अनडिफाइन्ड. विचारलं, आणि या माणसाला आडनाव नसतं हे पक्कं कळलं, तर नल. कोणीतरी रकाना रिकामा सोडला तर शून्य लांबीची स्ट्रिंग. तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिन्ही खऱ्या आयुष्यात घडतात. ‘आडनाव स्ट्रिंग असलंच पाहिजे, आणि रिकामं नको’ एवढी एक अट लिहिली की आख्ख्या तमिळनाडूची नावं आपण चुकीची ठरवली. शिवाय एक गंमत : रिकाम्या स्ट्रिंगची संख्या करा म्हटलं, तर जावास्क्रिप्ट शून्य देते, नलचंही शून्य करते, अनडिफाइन्डचं मात्र नॅन होतं. वजनाचा रकाना रिकामा राहिला तर पार्सल शून्य ग्रॅमचं!

मग पिन कसा तपासायचा? स्ट्रिंग आहे का, सहा अक्षरं आहेत का, सगळी अंकच आहेत का, पहिला अंक शून्य नाही ना. एवढं पुरेसं वाटतं, आणि इथेच आपल्याला जवळचं एक आश्चर्य उभं आहे. हा लेख तुम्ही देवनागरी अंकांत वाचताय. ६०००३३, छापलाय तसाच, फॉर्ममध्ये भरा. जावास्क्रिप्टच्या लेखी यात एकही अंक नाही. तिचं ‘अंक’ ओळखणारं चिन्ह फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं; संख्या करायला सांगितली तर नॅन मिळतं. पायथॉन भाषेला हाच मजकूर द्या, ती तत्काळ संख्या करून देते. आणि खरी कमाल पुढे आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘पिन१’ हे नाव, देवनागरी १ सकट, पूर्ण वैध आहे. म्हणजे आपला अंक नावात चालतो, हिशोबात चालत नाही! २०१८ पासून ‘जगातल्या कोणत्याही लिपीतला दशमान अंक’ असं विचारायची सोय भाषेत आहे. ती वापरून आधी अंक ओळखायचे, ते इंग्रजीत फिरवायचे आणि मग तपासायचे. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी फॉर्म करणाऱ्याने हे केलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आजीने मराठी कळफलकावर पिन टाइप केला तर तो चुकीचा कसा?

एवढं करूनही तपासणीची एक सीमा उरते. ६०००३३ मधला पहिला ६ चुकून ४ झाला, तर होतो ४०००३३. स्ट्रिंग आहे, सहा अंक आहेत, सुरुवातीला शून्य नाही. आणि पार्सल मुंबईत काळाचौकीला पोचतं. टाइप आकार बघतो, खरेपणा बघायला डाकघरांची यादीच लागते.

तुमच्यातला कोणी म्हणेल, यासाठी टाइपस्क्रिप्ट आहे ना? मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणली, अँडर्स हेल्सबर्ग यांच्या हातची. तिच्यात ‘पिन : स्ट्रिंग’ असं लिहून ठेवता येतं आणि कोणी संख्या दिली तर लिहितानाच लाल रेघ उमटते. सुंदर आहे ती. पण चालवण्यापूर्वी तिचं जावास्क्रिप्ट होतं, आणि त्या क्षणी टाइपांच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. सगळ्या! प्रोग्राम चालतो तेव्हा त्यांचा मागमूस नसतो. पार्सलाची माहिती मात्र त्यानंतर येते, कोणाच्या तरी फोनवरून, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून. तिने टाइपस्क्रिप्ट वाचलेली नसते. म्हणून चालतानाची तपासणी संपत नाही. ‘झॉड’सारख्या लायब्रऱ्यांनी यावर जी युक्ती काढली तिचं मला फार कौतुक वाटतं : अपेक्षित आकार एकदाच लिहायचा, चालताना तपासणीही त्याच्यावरून होते आणि टाइपस्क्रिप्टचा टाइपही त्यातूनच निघतो. दोन जगांना एकच कागद. आणि ही तपासणी प्रत्येक फंक्शनमध्ये घालायची गरज नाही, बाहेरचा माल जिथे आत येतो तिथेच करावी. आतल्या फंक्शनांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा.

आता सगळ्यात मोठं नवल. जावास्क्रिप्ट आर्ग्युमेंटांची जात विचारत नाही, असं इतका वेळ म्हटलं. पण तिला चालवणारं इंजिन? ते प्रत्येक वेळी विचारतं!

क्रोममध्ये बसलेलं व्ही-एट इंजिन २००८ साली आलं. ते आधी तुमचं फंक्शन सावकाश चालवतं आणि टिपून ठेवतं : पिनच्या जागी काय आलं? स्ट्रिंग. पुन्हा? स्ट्रिंग. हजारदा स्ट्रिंगच आली की ते पैज लावतं आणि फक्त स्ट्रिंगसाठी घडवलेला, अतिशय वेगवान यंत्रसंकेत तयार करतं. वेस्ट मांबलममधल्या एखाद्या जुन्या मेसमध्ये रोजचं गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत फिल्टर कॉफीचा पेला समोर येतो. वाढणाऱ्याने विचारलेलं नसतं, पण चेहऱ्यावर एक नजर टाकलेली असते. त्या वेगवान संकेताच्या तोंडाशी अशीच एक नजर असते, मोजक्या यंत्रसूचनांची. स्ट्रिंगच आहे ना? मग पळा. एखाद्या दिवशी तिथे संख्या आली की पैज हरते, इंजिन तो घडवलेला संकेत सोडून देतं आणि हातातलं काम जिथल्या तिथे सावकाश वाटेवर आणून ठेवतं, हिशोबाचा एक अंशही न सांडता. ही कल्पना या इंजिनाहून खूप जुनी आहे. १९८४ साली स्मॉलटॉक भाषेसाठी पीटर डॉइच आणि अॅलन शिफमन यांनी तिचा पाया घातला, आणि १९९१ मध्ये सेल्फ नावाच्या भाषेवर काम करताना उर्स हॉल्झली, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड उंगर यांनी ती अनेक जातींच्या पाहुण्यांपर्यंत वाढवली. तेव्हा वेब नुकतं कुठे जन्माला येत होतं.

ती नजर नेमकी कशावर पडते? व्ही-एट लहान पूर्णांक थेट जागेवर ठेवतं आणि त्याचा शेवटचा बिट ० ठेवतं. इतर सगळ्या गोष्टींसाठी, स्ट्रिंगसाठीही, त्या जागी असतो फक्त स्मृतीतला पत्ता, आणि त्याचा शेवटचा बिट १. म्हणजे नलचा घोळ ज्या युक्तीने झाला, शेवटच्या बिटांत जातीची चिठ्ठी, तीच युक्ती आजही जगभरच्या फोनांत अखंड चालू आहे. ६०००३३ संख्या म्हणून दिलात तर तो लहान पूर्णांकांत मावतो. इंजिनाला एक बिट बघून काम भागतं, स्मृतीत फेरी मारायला लागत नाही. स्ट्रिंग म्हणून दिलात तर त्या पत्त्यावर जाऊन बघावं लागतं की तिथे राहणारी वस्तू खरोखर स्ट्रिंग आहे. पिन संख्या म्हणून ठेवणं इंजिनाला किंचित स्वस्त पडतं, यात शंका नाही. तरी मी तो स्ट्रिंग म्हणूनच ठेवते, आणि त्याच्या शेजारी ०४४ सुद्धा.